श्रेयनामावलीतलं पहिलं नाव

मॉन्ट्रियलमधल्या आमच्या गेम कंपनीत दिग्दर्शक रेजाँचा नियम होता: गेम बाजारात येण्याआधी जो जाईल, त्याचं नाव श्रेयनामावलीतून कटाप. या धंद्यात पुढची नोकरी त्या नावावरच मिळते. गेममधले घोडे जिने धावते केले, ती ओडिल आजारपणामुळे गेली, तेव्हा तिचं नाव त्याने मलाच पुसायला लावलं. “डोळे कसले पुसतोस, यानिक? नाव पूस!” प्रकाशनाच्या आदल्या दिवशी मालकांनी रेजाँलाच नारळ दिला. सामानाचं खोकं काखोटीला मारून तो माझ्या टेबलाशी आला. “माझं नाव पहिलंच आहे ना, राजा?” “होतं,” म्हणत मी त्याच्यादेखत पुसलं. तो लालबुंद झाला. आमच्याकडे ऑफिसात येणाऱ्या कुत्र्यांचीही नावं शेवटी झळकतात. त्यात त्याचा पिटू होता. “आता पिटूलाही काढशील?” त्याने विचारलं. “छे रे,” मी हसलो, “त्याला कुठे कुणी नोकरीवरून काढलंय?”