धारेचा दगड

धानकापणीच्या सकाळी बायनाबाई अंगणात विळ्याला धार लावत होती. चंद्रपूरहून सर्वेक्षणाला आलेल्या साहेबाची नजर तिच्या दगडावर पडली. त्यानं दगड उचलला, सावलीत नेला आणि जांभळ्या उजेडाची टॉर्च मारली. मळकट दगड निखाऱ्यासारखा पेटला. "बाई, हे कच्चं माणिक. जमिनीच्या पोटात करोडो वर्षं भाजलेलं. याच्याहून टणक फक्त हिरा." "म्हणूनच झिजत नाई! माह्या सासूनंबी याच्यावरच विळे घासले," बायनाबाई फुशारली. "कुठं सापडलं?" "एकच हाये का, साहेब? इथी कुठीबी विहीर खणा, हेच निघते. अख्खं गाव याच्यावरच बसलं हाये." शेजारचं गाव खाणीनं गिळलं, त्याआधीही असाच एक गोडबोल्या नकाशा घेऊन आला होता. त्यालाही त्या गावानं चहाच पाजला होता. साहेबानं बायनाबाईनं दिलेला चहा संपवला, नकाशा उलगडला. "गावात घरं किती?" बायनाबाई स्वतःच्या घरापासून मोजू लागली.