दोरा तोडायचा राहिला

वहिनीचं नाकाचं ऑपरेशन झालं आणि टाक्यांत पू झाला. मग डॉक्टरांनी सगळे टाके काढून जखम मुद्दाम उघडी ठेवली. "वरून मिटली तर पू आत साचेल, डोळ्याकडे सरकेल," असं त्यांनी बजावलं होतं.

सकाळी पट्टी सोडताना नणंदेचा हात मध्येच थांबला.

"वहिनी, टाके काढले म्हणालीस ना? मग हे काय?"

वहिनीने आरसा दोन्ही हातांत धरला. जखम शिवलेली होती, अगदी बारीक, एकसारखी. उभा जन्म ब्लाउज शिवण्यात गेलेला, त्यामुळे हात कुणाचा हे तिला विचारावं लागलं नाही. शेवटचा टाका जरा तिरका घालायची खोड तिचीच होती. दोराही तिच्याच मशीनवरचा, जांभळा.

"झोपेत शिवत बसलीस की काय!" नणंद हसायला गेली, पण हसू ओठांतच राहिलं.

"झोपले कुठे मी? ठणक्याने रात्रभर येरझारा घातल्या. काप बाई ते आधी."

नणंदेने एका हाताने तिची हनुवटी धरली, दुसऱ्या हातात कात्री घेतली. पण दोऱ्याचं टोक सापडेना. दोरा गालावरून खाली आला होता आणि खांद्यावरून मागे गेला होता.

टाका पक्का बसला का हे पाहायला वहिनी तोडण्याआधी नेहमी दोरा ओढून बघायची.

मागून दोरा ओढला गेला. एकदाच, हलकेच.