डाव्या पायातला दोरा

बाळाला तीन तास उपाशी ठेवून आणा, असं सांगणं डॉक्टरांना सोपं होतं. रडणं ऐकायला निवेदिता होती.

आता एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर बसून ती जुळ्यांतल्या धाकट्याला पाजत होती. पोटभर पाजायचं, दुपट्ट्यात घट्ट गुंडाळायचं, कान झाकायचे आणि गाढ झोपला की मशीनमध्ये ठेवायचं, असं ठरलं होतं. झोपेचं औषध द्यायचं नव्हतं. बाळ हललं तर फोटो बिघडणार आणि पुढच्या आठवड्याची तारीख मिळणार. आणखी एक आठवडा काढायची तिची ताकद नव्हती. शेजारी तिचा नवरा जयदीप शिफ्ट बदलून आलेला, कंपनीच्या शर्टातच बसला होता.

जुळी मुलं दिवस भरायच्या सहा आठवडे आधी झाली. थोरला बाहेर येताच रडला. धाकटा दहा मिनिटांनी आला आणि बराच वेळ रडलाच नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, डॉक्टर म्हणाले. दिवस भरायची मूळ तारीख आली की एमआरआय करू, मेंदूची वाढ कशी चाललीय ते तेव्हा नीट कळेल. काही दोष निघालाच तर लगेच उपचार सुरू करायचे. या वयात एकेक महिना मोलाचा असतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

दोघं दिसायला हुबेहूब. घरी सोडताना नर्सनं पायातले नावाचे पट्टे कापले तेव्हा आता यांना ओळखायचं कसं, हाच प्रश्न निवेदिताला पडला. ती चाकणच्या एका कंपनीत माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागात होती. संशयित नगाला टॅग लावल्याशिवाय जागेवरून हलवायचा नाही, हा तिथला नियम नऊ वर्षांत तिच्या अंगात मुरला होता. घरी पाऊल टाकताच तिनं धाकट्याच्या डाव्या पायात काळा दोरा बांधला. चांगली निरगाठ मारून.

दोऱ्याचा आणखी एक फायदा होता. तो पाहून कुणी काही विचारत नाही, नजरेचा असेल म्हणून सोडून देतात. धाकट्याची गोष्ट बाहेर काढायची नाही, असं नवरा-बायकोनं ठरवलंच होतं. लोक आधी कीव करतात आणि मग आयुष्यभर तेच विचारत राहतात. रोज मालिश-अंघोळ घालायला येणाऱ्या तानुबाईंनाही काही सांगितलं नव्हतं.

दोन्ही मुलांची दूध पिण्याची वही मात्र तिनं इमानेइतबारे ठेवली होती. धाकट्याचं पान पाहून डॉक्टरही बुचकळ्यात पडले होते. एक दिवस पठ्ठ्या दर वेळी छान प्यायचा, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवून पाठीची कमान करायचा. बाळांचं असं वरखाली होतं, ते म्हणाले होते. थोरल्याचं पान त्यांनी मागितलं नाही आणि तिनंही दाखवलं नाही.

धाकटा झोपला. एमआरआयचा तंत्रज्ञ समाधान बाहेर आला.

"मॅडम, अंगावर काहीच नको. तो दोरासुद्धा."

"यात धातू नाही हो."

"नसेलही. पण नियम आहे."

नियम म्हटल्यावर निवेदिताचं काही चालेना. कात्री लागेल असं तिला वाटलं होतं, पण टोक ओढताच दोरा हातात आला. सुरगाठ होती. तेलानं सैल झाला असेल आणि तानुबाईंनी पुन्हा बांधला असेल, असं म्हणत तिनं तो मुठीत धरला.

आत मशीन पत्र्यावर हातोडा मारल्यासारखं ठोकत होतं. जयदीप म्हणाला, कंपनीतल्या प्रेस शॉपपेक्षा कमीच आवाज आहे. ती हसली नाही. अर्धा तास ती त्या दोऱ्याला पीळ देत बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं देवाशी सौदा केला. काय देऊ केलं, ते तिनं जयदीपलाही कधी सांगितलं नाही.

तासाभरानं डॉक्टरांनी आत बोलावलं.

"सविस्तर रिपोर्ट उद्या मिळेल. पण मी फोटो पाहिलेत. या बाळाच्या मेंदूची वाढ अगदी वयाला साजेशी आहे. निश्चिंत राहा."

जयदीप तिथंच रडला. निवेदितानं मात्र आधी नीट विचारून घेतलं: आता काही उपचार नकोत? परत तपासणी? काही नको, डॉक्टर म्हणाले. मग तीही रडली.

चऱ्होलीला घरी पोहोचेपर्यंत रविवारचं बारसं ठरलं होतं. रिपोर्टशिवाय नाव ठेवायचं नाही, असा तिचाच हट्ट होता. दारात, आज मुद्दाम थांबवून घेतलेल्या तानुबाई थोरल्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या.

"लई रडला ह्यो. दूध बी धड पेला न्हाई. निस्ता कमान करतुया."

"राग आलाय त्याला, आई गेली म्हणून," निवेदिता म्हणाली. तिनं थोरल्याला मांडीवर घेतलं. त्यानं दोन्ही मुठी आवळल्या होत्या. तिनं लाडानं एकेक बोट सोडवलं. सोडलं की ते पुन्हा मिटत होतं. पैलवान होणार हा, ती हसत जयदीपला म्हणाली. कित्येक दिवसांत ती अशी निवांत बसली नव्हती. जे लपवलं होतं ते आता सांगायलाही हरकत नव्हती, पण सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पर्समधून काळा दोरा काढून ती कचऱ्याच्या डब्याकडे वळली. तानुबाईंनी तो तिच्या हातून काढून घेतला.

"टाकू नगा ताई. तुमी एकल्यालाच बांधलेला बघून माजा जीव तुटायचा. नजर काय एकालाच लागती व्हय? म्हनून पहिल्या दिसापासनं आंगूळ झाली की मी पाळी लावलीया. येक दिस ह्याला, येक दिस त्याला."