कोशात 'आमचा' नको

"शकीबा, 'आमचा महाकवी' कोशात चालणार नाही," फारसी कवींच्या कोशासाठी तिने लिहिलेल्या नोंदीवर संपादक साबणे सरांनी बोट ठेवलं. "इराणी त्याला आपला म्हणतात, ताजिकही म्हणतात. आपण एवढंच सांगायचं, की तो फारसीत लिहायचा."

शकीबा अफगाणिस्तानातली, हेरातची. पुण्यात शिकायला आली आणि मागे तिथली राजवट उलटली. परतीची वाट बंद झाली. "सर, घर गेलं, बाबांची शाळा गेली. आमचा म्हणायला हा एकच उरलाय."

सर म्हणाले, "कळतं गं मला. पण कोश म्हणजे आपला दिवाणखाना नव्हे, घरच्या माणसांचे फोटो लावायला."

तिने 'आमचा' खोडला. मग 'महा'सुद्धा.

पुढच्या आठवड्यात सरांनी स्वतः लिहिलेली एक नोंद तिच्याकडे तपासायला आली. निजामशाहीच्या काळात नगरला राहून फारसीत लिहिणारा, आज कुणाला ठाऊकही नसलेला एक कवी. पहिलंच वाक्य होतं: 'महाराष्ट्राच्या मातीने फारसीला दिलेलं हे अनमोल रत्न.'

तिने कागद सरांपुढे धरून त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"अगं, आमच्या नगरचा आहे तो," सर ओशाळून हसले. "एवढं एक राहू दे की."

शकीबाने टेबलावरचं लाल पेन उचललं. रेघ मात्र तिने ओढली नाही. पेन सरांच्या हातात दिलं.

"तुम्हीच खोडा, सर. माझं हेरात गेलं, तरी मी खोडलं. तुमचं नगर तर अजून जागेवर आहे."