कुणाच्या हातचा वाडगा

"पाय आखडले तर खुशाल मांडी घाला, मला राग नाही यायचा," ओरिए-सान विद्यार्थ्यांना म्हणाल्या. राग त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता आणि तो समोरच, मुख्य पाहुण्याच्या जागी बसला होता.

कुझे सेन्सेई. विद्यापीठात कुंभारकाम शिकवायचे आणि दर शरदात विद्यार्थ्यांना जुनी गावं, जुन्या भट्ट्या दाखवत हिंडायचे. जपानमधल्या हागी गावातल्या या चहाघराची मालकीण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सहलीच्या यादीत ओरिए-साननी मुद्दाम माहेरचं आडनाव दिलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी याच माणसाने त्यांच्या शोहेईला आपल्या भट्टीवरून काढून टाकलं. घरी आलेल्या पत्रात एकच ओळ होती: हा मुलगा या कामाचा नाही. शोहेई परतला, पिशवीतून एक वाडगा काढून त्याने आईपुढे ठेवला. "हा मी केलाय. आता तूच सांग, मी या कामाचा नाही का?" पुढे तो मासेमारीच्या बोटीवर गेला. दुसऱ्या हिवाळ्यात बोट आली, शोहेई आला नाही.

तेव्हापासून ओरिए-सान डूख धरून होत्या. चहात विष कालवायचा विचारही मनात येऊन गेला होता, खोटं कशाला बोला! पण मेलेल्या माणसाला शरम वाटत नाही. त्यांना ती मान खाली गेलेली पाहायची होती, तीही त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर.

डाव सोपा होता. चहा पिऊन झाला की मुख्य पाहुण्याने वाडगा निरखायचा, वाखाणायचा आणि कुणाच्या हातचा ते विचारायचं. रीतच तशी. त्यांना फक्त नाव सांगायचं होतं.

"माझे पाय गेले कामातून," मागे एकजण कुजबुजला.

"सेन्सेईंकडे बघ, हलले तरी का?"

"ते माणूस कुठेत? ते भाजून पक्के झालेत."

मिनोरी नावाची मुलगी फिस्सकन हसली. ओरिए-साननी चहा घुसळून शोहेईचा वाडगा कुझेंपुढे ठेवला.

कुझे प्यायले. रीतीप्रमाणे त्यांनी वाडगा उलटा करून बुडाकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ओरिए-सानना मनातून गारगार वाटलं.

"पाहुण्यांनी काहीतरी बोलायचं असतं, सेन्सेई."

"कड जरा जड झालीय," कुझे सावकाश म्हणाले. "करणारा तरुण होता. घाईत होता."

अजूनही खोडच काढतोय मेला! ओरिए-सानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाच्या हातचा, ते नाही विचारत?"

कुझेंनी वाडगा चटईवर ठेवला. "कुणाच्या हातचा?"

"शोहेईच्या. माझ्या मुलाच्या. तुम्ही ज्याला हाकलून दिलंत ना, त्याच्या. तो या कामाचा नव्हता, नाही का? सांगा की आता या पोरांना!"

पाय चोळणाऱ्यांचे हात थांबले.

कुझेंनी दोन्ही हात पुढे टेकले आणि कपाळ चटईला लावलं. बराच वेळ ते वर उठले नाहीत.

"मी चुकलो," ते म्हणाले. "ओळखायला चुकलो. मुलांनो, हा शोहेईचा वाडगा आहे. एकेकाने हातात घेऊन नीट बघा."

वाडगा हातोहात फिरला. मिनोरीने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला, मग सेन्सेईंकडे एकदा बघून पुढे दिला.

सगळे बाहेर पडल्यावर ओरिए-सान तो छातीशी धरून मागच्या मोरीत गेल्या आणि कोमट पाण्याने धुऊ लागल्या. रडू येत होतं आणि हसूही. "ऐकलंस ना रे शोहेई? सगळ्यांसमोर नाक घासलं त्याने!" नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला.

दारापलीकडच्या पायरीवर मुलं बूट चढवत होती.

"सेन्सेई," मिनोरीचा आवाज आला, "आपल्या भट्टीवर तुमच्या पहिल्या प्रदर्शनाचा फोटो आहे ना, त्यात हाच वाडगा आहे. तुमचा चोरीला गेलेला."

"हळू बोल," कुझे म्हणाले. "इथली दारं कागदाची आहेत."