खुर्चीच्या हाताला घड्याळ

लेकानं आणलेलं नाडी मोजणारं घड्याळ आईनं आधी नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीच्या हाताला बांधलं. पारखल्याशिवाय ती मीठसुद्धा घरात घेत नसे.

हिरवा उजेड लाकडावर लुकलुकला. आकडा आला, बहात्तर.

"अगं, उजेड परततो त्यावर ते चालतं. लाकडावर फसतं," लेक हसला.

"तुझ्यासारखंच दीडशहाणं!"

"बरं, बाबा गेले, आता कोण बसतंय हिच्यावर? भंगारवाला खाली थांबलाय." लेकानं खुर्ची उचलायला हात घातला.

आकडा नव्वद झाला. मग एकशेदहा.

आईचे डोळे बारीक झाले. ती वाकली आणि हळूच म्हणाली, "घाबरलात होय? कुठं नाही देत तुम्हाला."

आकडा सावकाश उतरत बहात्तरवर आला.

लेकानं खुर्चीवरचा हात चटकन काढला.