शंखांची पिशवी

दुष्काळाच्या त्या साली माघात कडूबाई मराठवाड्यातल्या तेर गावाहून लेकीकडं कोकणात आल्या आणि समुद्र बघून हरखूनच गेल्या. रोज सकाळी विहीणबाईंचा हात धरून त्या किनाऱ्यानं चालायच्या. वाळूत पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा थवा बसलेला दिसला, की पोरीसारख्या त्याच्यामागं धावायच्या.

"विहीणबाई, एवढं पाणी सोडून जावं वाटंना बघा!"

पण जायचा दिवस आलाच. तेरच्या नातवंडांना खेळायला म्हणून विहीणबाईंनी ओंजळभर शंख वेचून पिशवीत घातले.

एसटी गावाबाहेर पडते न पडते, तोच पिशवीतून एक शंख उतरला आणि चक्क पायांनी चालायला लागला. त्याच्यामागं दुसरा, मग तिसरा. बाया किंचाळत बाकांवर चढल्या.

"मास्तर, गाडी थांबवा! आत जीव हाईत ह्यांच्या. आमच्याकडं पाण्यावाचून मरतील की!"

कंडक्टरनं हसत हसत घंटी ओढली. कडूबाई शंख पुन्हा पिशवीत भरून, पदर खोचून किनाऱ्याकडं पळाल्या, शंख पाण्यात सोडले आणि धापा टाकत मागं वळल्या. तोवर एसटी निघून गेली होती; आता गाडी थेट उद्याच.

समोर विहीणबाई उभ्या.



"एवढा उशीर? मी तर चांगले चपळ बघून घातले होते!"